कम्प्युटरच्या कितीतरी आधी नकाशातली चूक पकडणारा लॅम्बटन आपल्या हिंगणघाटमध्ये विसावलाय

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडच्या शिवारात एक चौकोनी शेत आहे. लांबी 100 मीटर, रुंदी 100 मीटर. म्हणजे बरोबर 1 हेक्टर, आपल्या हिशेबात अडीच एकराच्या जरासं आत.

या शेताच्या चार कोपऱ्यांचे आकडे कोणीतरी कम्प्युटरमध्ये भरले. आकडे चारही बरोबर. फक्त घाईत तिसऱ्या आणि चौथ्या कोपऱ्याची अदलाबदल झाली.

आता कम्प्युटरला विचारा, शेत किती आहे? क्षेत्रफळाचं नेहमीचं सूत्र उत्तर देतं, शून्य.

अख्खं शेत गायब. एकही आकडा चुकलेला नसताना.

असं का होतं, हे समजून घ्यायचं तर एका इंग्रज माणसाची गोष्ट माहिती पाहिजे. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. भारताचा नकाशा ज्या पायावर उभा राहिला तो पाया यानं घातला. आणि या माणसाचा शेवट झाला तो आपल्या विदर्भात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला.

आधी शेत कुठं गेलं ते बघू.

नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेत, गाव, तलाव, तालुका असं काहीही काढायचं असेल तर त्याचा पॉलिगॉन काढतात. म्हणजे कोपऱ्यांच्या बिंदूंची एक यादी. सॉफ्टवेअर त्या यादीप्रमाणे एका बिंदूवरून दुसऱ्यावर रेघ ओढत जातं. यादीतला क्रम चुकला की रेघ स्वतःलाच कापून जाते आणि चौकोनाऐवजी डमरू तयार होतो.

या डमरूचा एक भाग घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो आणि दुसरा उलट्या दिशेनं. सूत्र एकाचं क्षेत्रफळ अधिक धरतं, दुसऱ्याचं उणे. दोन्ही सारखेच असले की बेरीज शून्य.

म्हणून पॉलिगॉन व्हॅलिड आहे की नाही हे तपासायचे नियम ठरलेत. क्यूजीआयएस, पोस्टजीआयएस अशी सॉफ्टवेअरं थोड्याफार फरकानं हेच नियम पाळतात.

पहिला नियम, जिथून निघालो तिथंच परत यायचं. शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूवर आलाच पाहिजे, मध्ये फट चालत नाही.

दुसरा, रेघेनं स्वतःलाच छेदायचं नाही.

तिसरा, शेतात मध्येच तळं किंवा दुसऱ्याची जागा असेल तर ते भोक बाहेरच्या हद्दीच्या आतच पाहिजे. ते हद्दीला एखाद्या बिंदूत टेकलं तर चालेल, पण हद्द ओलांडून बाहेर गेलेलं चालणार नाही.

चौथा, आतली जागा सलग पाहिजे. आतल्या कोणत्याही ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हद्द न ओलांडता जाता आलं पाहिजे. एकाच मालकाचे दोन वेगळे तुकडे असतील तर ते दोन तुकडे म्हणून नोंदवायचे, आणि ते एकमेकांवर चढलेले नकोत.

आता तुम्ही म्हणाल, यात त्या इंग्रजाचा काय संबंध? तर संबंध असा की, काढलेला आकार डोळे झाकून खरा मानायचा नाही, तो स्वतःशी जुळतो का हे आधी बघायचं, ही सवय भारतातल्या मोजणीला एवढ्या मोठ्या प्रमाणावर लावली ती लॅम्बटननं. आणि तो सॉफ्टवेअरच्या एक पाऊल पुढं होता. कसा, ते त्याच्या गोष्टीत येईलच.

तारे बघून सैन्याची वाट सांगणारा माणूस

लॅम्बटन इंग्लंडच्या यॉर्कशायरमधला. जन्म 1750 च्या दशकातला, साध्या घरातला. पण गणितात पोरगं हुशार निघालं आणि सैन्यात शिरलं.

उमेदीची वर्षं गेली उत्तर अमेरिकेत, आजच्या कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक भागात. तिथं त्यानं जमिनीच्या मोजणीचं काम केलं आणि उरलेल्या वेळात गणिताची पुस्तकं पालथी घातली. सूर्यग्रहण बघताना त्याच्या एका डोळ्याची नजर अधू झाली, असं त्याच्या चरित्रांमध्ये येतं.

1790 च्या दशकाच्या अखेरीस त्याची 33 वी रेजिमेंट भारतात आली. तिचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली. पुढं वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच.

1799 मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणची मोहीम निघाली. एका रात्री जनरल बेअर्ड सैन्याची तुकडी घेऊन अंधारात चालला होता. लॅम्बटननं वर तारे बघितले आणि सांगितलं की आपण उलट्या दिशेनं, थेट टिपूच्या छावणीकडं चाललोय. बेअर्डचा ताऱ्यांवर काही विश्वास बसेना. मग होकायंत्र काढून बघितलं, तर लॅम्बटन बरोबर होता.

पालखीचे भोई असताना नकाशा कशाला?

श्रीरंगपट्टण पडलं आणि म्हैसूरचा मोठा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. लॅम्बटननं प्रस्ताव दिला की मद्रासच्या किनाऱ्यापासून पश्चिमेच्या मलबार किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकून अख्खा दख्खन मोजू. 1800 मध्ये परवानगी मिळाली.

यात कंपनीचा स्वार्थ उघड होता. कर वसूल करायला आणि सैन्य हलवायला नकाशे पाहिजे होते. लॅम्बटनला त्यापलीकडं आणखी एक गोष्ट शोधायची होती, पृथ्वीचा नेमका आकार.

मद्रासच्या हिशेबनीसांना हे काही पटलं नाही. एका सदस्याचं म्हणणं असं की, श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीच्या भोयांना सांगितलं की झालं, ते बरोबर नेतात. त्यासाठी एवढा खर्च कशाला?

तरी लॅम्बटन मागं हटला नाही. इंग्लंडचे राजज्योतिषी नेव्हिल मास्कलिन यांनी त्याची बाजू घेतली आणि काम टिकलं.

त्याचं मुख्य यंत्र होतं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण. लंडनच्या विल्यम कॅरीनं बनवलेलं हे यंत्र भरलं अर्धा टन. भारतात येताना ते जहाजासकट फ्रेंचांच्या हाती लागलं आणि मॉरिशसला गेलं. पण यंत्र विज्ञानाच्या कामाचं आहे हे कळल्यावर फ्रेंचांनी ते सन्मानानं परत पाठवलं.

त्रिकोणच का?

पद्धत शाळेतल्या भूमितीची आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहिती असले की उरलेल्या दोन बाजू गणितानं काढता येतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर आणखी पुढचा. मधल्या नद्या, जंगलं, दऱ्या साखळीनं मोजत बसायची गरज नाही. डोंगराच्या माथ्यावरून दुसरा माथा दिसला की काम झालं.

पण अगदी पहिली बाजू मात्र जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी लागते. तिला म्हणतात आधाररेषा.

1802 च्या उन्हाळ्यात मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी लॅम्बटननं ही रेषा मोजली. लांबी सुमारे साडेसात मैल, म्हणजे 12 किलोमीटर. 100 फुटांची पोलादी साखळी सुमारे चारशे वेळा मांडली. उन्हानं पोलाद तापून वाढतं, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून वर सावली धरायची आणि थर्मामीटर बघून वाढलेली लांबी हिशेबात धरायची.

आता यातली खरी गंमत बघा. त्रिकोणाचे दोन कोन मोजले की गणित सुटतं. तिसऱ्या कोनाची गरजच नाही. तरी शक्य तिथं तिसरा कोनही मोजला जायचा.

कशासाठी? तर तपासायला. तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश यायला पाहिजे. पृथ्वी गोल असल्यामुळे मोठ्या त्रिकोणात ती किंचित जास्त येते, साधारण दर 197 चौरस किलोमीटरमागे 1 सेकंद. आणि 1 सेकंद म्हणजे एका अंशाचा 3600 वा भाग. एवढा फरक धरूनही बेरीज जमली नाही, तर कुठंतरी चूक आहे.

पॉलिगॉन व्हॅलिड आहे का हे बघणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम याच जातीचं आहे. आकार स्वतःशीच खोटं बोलतोय का, हे बाहेरचा साक्षीदार न आणता ओळखायचं.

पण तेवढ्यानं भागत नाही

आता परत त्या डमरूकडं येऊ. सॉफ्टवेअरमध्ये बिघडलेला पॉलिगॉन दुरुस्त करायचं बटण असतं. ते आपल्या शेतावर दाबलं तर काय होईल? सॉफ्टवेअर रेघा जिथं छेदतात तिथं एक नवा बिंदू टाकेल आणि डमरूचे दोन त्रिकोण करेल. सगळे नियम पाळले गेले. आकार व्हॅलिड.

आणि क्षेत्रफळ? अर्धा हेक्टर.

शेत होतं 1 हेक्टरचं. कम्प्युटर म्हणतो सगळं ठीक आहे आणि अर्धं शेत कागदावरून उडालेलं आहे. आधीचा शून्य निदान डोळ्यांत तरी भरत होता. हा अर्धा हेक्टर खरा वाटतो, म्हणून जास्त धोक्याचा.

हा धोका लॅम्बटनला माहिती होता. प्रत्येक त्रिकोण आपापल्या जागी नीट जुळला तरी छोट्या छोट्या चुका साठत साठत पुढं मोठ्या होऊ शकतात. म्हणून त्यानं आणखी एक शिस्त पाळली. साखळी बरीच पुढं गेली की जमिनीवर पुन्हा एक नवी आधाररेषा मोजायची. मग त्रिकोणांच्या गणितानं तिची लांबी किती येते आणि साखळीनं प्रत्यक्ष किती भरते, ते ताडून बघायचं.

मद्रासहून त्रिकोण टाकत तो बंगळूरपाशी आला आणि 1804 मध्ये तिथं आधाररेषा मोजली. गणित आणि जमीन यांच्यात फरक निघाला फक्त काही इंचांचा.

हीच साखळी पुढं पश्चिम किनाऱ्याला भिडली तेव्हा कळलं की मद्रास ते मंगळूर ही रुंदी जुन्या नकाशांत होती तेवढी नाहीच. 400 मैल समजली जायची, ती निघाली सुमारे 360. नकाशावरची 40 मैल जमीन मुळात नव्हतीच.

तंजावरचा अपघात

1808 मध्ये सर्व्हे तंजावरच्या परिसरात होता. सपाट भातशेतीचा मुलूख, डोंगर कुठंच नाही. मग अर्ध्या टनाचं ते यंत्र बृहदीश्वर मंदिराच्या उंच शिखरावर चढवायचं ठरलं. वर ओढताना दोर तुटला आणि यंत्र दगडी भिंतीवर जाऊन आदळलं. कोन मोजायची धातूची चकती वाकली.

दुसरा कोणी असता तर लंडनला पत्र लिहून नव्या यंत्राची वाट बघत बसला असता. लॅम्बटननं स्वतःला यंत्राबरोबर कोंडून घेतलं. पाचरी, स्क्रू, कप्प्या वापरत सुमारे सहा आठवड्यांत चकती परत गोल केली. पुढं कित्येक वर्षं सर्व्हे याच यंत्रानं चालला.

मात्र या गोष्टीत लॅम्बटन एकटा नव्हता. डोंगरावर यंत्र चढवणारे हमाल, मैलोन्‌मैल दूर झेंडे आणि दिवे घेऊन उभे राहणारे खलाशी, वाट दाखवणारे गावकरी, अशा असंख्य भारतीय माणसांनी हे काम उचललं. जंगलातल्या तापानं त्यातले कितीतरी गेले. बहुतेकांची नावं कुठंही लिहिलेली नाहीत.

विदर्भाकडं

कन्याकुमारीच्या टोकापासून सरळ उत्तरेला जाणाऱ्या साखळीला ग्रेट आर्क म्हणतात. ती साधारण 78 व्या रेखांशाच्या आसपास वर सरकत होती. म्हणजे पुढं हैदराबाद संस्थान आणि मग आपलं वऱ्हाड.

हा वऱ्हाड म्हणजे शतकानुशतकं सीमेसाठी भांडलेला मुलूख. रोहिणखेडचंच घ्या. बालाघाटाच्या पायथ्याशी, खानदेश आणि वऱ्हाडाच्या वाटेवर बसलेलं गाव. इथं 1437 मध्ये बहमनी आणि फारुकी सैन्यांची लढाई झाली. 1590 च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान इथंच भिडले आणि जमालखान मारला गेला. खुदावंदखान महदवीनं 1582 मध्ये बांधलेली मशीद त्या काळाची साक्ष आहे. कोणाची हद्द कुठपर्यंत, याचा निकाल तेव्हा तलवार लावायची.

1803 मध्ये लॅम्बटनचा जुना प्रमुख वेलस्ली याच वऱ्हाडात लढत होता. 29 नोव्हेंबरला आडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड. नंतरच्या देवगावच्या तहानं वऱ्हाडाचा मोठा भाग निजामाकडं गेला. 1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरही इंग्रजांच्या कह्यात आलं. लॅम्बटनच्या त्रिकोणांना उत्तरेची वाट मोकळी झाली ती अशी. मोजणीच्या आधी तोफा जाऊन आल्या होत्या, हे विसरून चालत नाही.

1818 मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे असं नाव मिळालं. त्याच वर्षी एक तरुण मदतनीस नेमला गेला, जॉर्ज एव्हरेस्ट. लॅम्बटन तोवर साठी ओलांडून गेला होता. त्यानं 1 लाख 65 हजार चौरस मैलांहून जास्त मुलूख त्रिकोणांनी बांधला. आजच्या महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट.

शेवटी सर्व्हेचा मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरलं. लॅम्बटनला खोकल्यानं पोखरलं होतं, तरी तो तांड्याबरोबर निघाला. नागपूर काही दिवसांच्या वाटेवर राहिलं होतं. 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटच्या मुक्कामात तो गेला. तिथंच त्याला पुरलं.

योगायोग बघा, हिंगणघाट आणि रोहिणखेड साधारण एकाच अक्षांशावर आहेत. मध्ये अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास.

नाव मात्र दुसऱ्याचं

पुढचं काम एव्हरेस्टनं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. 1865 मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराला त्याचं नाव दिलं गेलं. लॅम्बटनचं नाव मात्र फार थोड्यांच्या ओठांवर राहिलं.

एव्हरेस्टच्या नावानं आणखी एक गोष्ट आहे, 1830 चा एव्हरेस्ट एलिप्सॉइड. पृथ्वी किती मोठी आणि किती चपटी हे सांगणारे आकडे. त्यामागे लॅम्बटनच्या मोजणीचा मोठा वाटा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट याच आकड्यांवर काढलेल्या आहेत. आपल्या मोबाईलचं जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस 84 नावाचे वेगळे आकडे वापरतं.

म्हणजे काय? तर जुन्या टोपोशीटवरून एखाद्या तलावाची हद्द उतरवली आणि आकड्यांचं रूपांतर करायला विसरलं, तर वऱ्हाडात तो तलाव शंभर मीटरहून जास्त सरकतो. पॉलिगॉन बंद आहे, कुठं छेद नाही, सगळे नियम पाळलेत. सॉफ्टवेअर हिरवा कंदील देतं. आणि तलाव शेजारच्याच्या वावरात.

व्हॅलिड असणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते असं.

आज याचं काय?

गावोगावचे सर्व्हे नंबर लॅम्बटननं मोजलेले नाहीत. वऱ्हाडात शेतवार मोजणी सुरू झाली ती 1860 च्या दशकात, मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं. साखळी टाकून प्रत्येक शेताचा आकार कागदावर उतरवला गेला. तेच नकाशे आता कम्प्युटरवर येतायत. केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली. तिच्यात सर्व्हे ऑफ इंडिया ड्रोननं गावठाणं मोजते. पीक पाहणी, मोजणी, भूसंपादनाचा मोबदला, सगळं हळूहळू नकाशावरच्या त्या आकाराला जोडलं जातंय.

जुन्या कागदावर धुऱ्याची रेघ जराशी हलली तर पटवारी आणि गावातली जाणती माणसं मिळून ती समजून घ्यायची. कम्प्युटरला असं समजून घेणं जमत नाही. त्याला फक्त यादी दिसते.

म्हणून आपल्या शेताचा नकाशा ऑनलाइन बघाल तेव्हा तीन गोष्टी करा.

पहिली, आकार बघा. कोपरे तेवढेच आहेत का, रेघ कुठं स्वतःला कापते का, मध्येच बारीक सुई निघाल्यासारखी दिसते का.

दुसरी, क्षेत्रफळ सातबाऱ्याशी ताडून बघा. अर्ध्या हेक्टरचा घोळ इथं लगेच पकडला जातो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, जमिनीवरची एक पक्की खूण धरा. विहीर, पूल, जुना हद्दीचा दगड, काहीही. ती नकाशात जागच्या जागी आहे का ते बघा. हीच तुमची आधाररेषा. काही जुळत नसेल तर स्क्रीनवरच्या नकाशावरून शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. निकाल त्या मोजणीवर ठरतो.

पहिल्या दोन गोष्टी कधीतरी मशीन तुमच्यासाठी करेल. तिसरीसाठी मात्र आजही कोणालातरी उन्हात धुऱ्यावर जाऊन उभं राहावं लागतं. लॅम्बटन वीस वर्षं तेच करत होता.